शेवटच्या रकान्यातला आकडा

उद्यमबागेत काल रात्री वीज गेली
भट्टीत निम्मं लोखंड असताना.
सगळे भट्टीकडे धावले.
केबिनमधला कॉम्प्युटर एकटाच विझला,
तोंडातलं वाक्य तोंडातच ठेवून.

आता सकाळचे सात दहा.
काळ्या पडद्यावर पांढरी ओळ:
डिस्क नीट बंद झाली नव्हती, तपासणी सुरू.
मग आकडे, मुंगीच्या चालीनं.
चार टक्के. साडेचार.

दारात लगमाण्णा, हातात चलनांचं बुक.
"बाई, कोल्हापूरची गाडी लागलीय की वो.
काय करूलंय ते?"
मोजतंय, मी म्हणते.
"काय मोजतंय?"
आपलं आपल्यालाच.

त्याला कसं सांगू,
बंद होताना हे यंत्र एक खूण करून जातं,
सगळं आवरलं, अशी,
शिफ्ट सुटताना हजेरीवर सही करावी तशी.
आणि उठल्या उठल्या आधी तीच खूण शोधतं.
सापडली तर मुकाट कामाला लागतं.
नाही सापडली
तर प्रत्येक पानाला विचारत बसतं, तू कुणाचं?
आणि प्रत्येक नावाला, तुझं पान कुठाय?

गेल्या वर्षी मालक म्हणाले,
रोज सकाळी वीस मिनिटं फुकट जातात, काढून टाक ते.
सोपं होतं. एका फाइलीत एक ओळ,
ओळीच्या टोकाला एक आकडा.
एक म्हणजे हिला आधी तपास,
दोन म्हणजे हिला नंतर,
शून्य म्हणजे विचारूच नको.
मी शून्य लिहिलं.
नोकरी लागून चारच महिने झाले होते.

सात महिने कॉम्प्युटर हाक मारल्यासारखा उठायचा.
वीज कितीदा गेली, कुणी मोजलं नाही.
मग एका बुधवारी पंपाच्या कव्हरचं ड्रॉइंग उघडलं
तर निम्म्यातून पुढं हजेरीपट.
भोकाचा व्यास असायचा तिथं
येळ्ळूरच्या कुणा कुगजीची अर्धी रजा.

त्या दिवशी शून्य खोडलं.
तपासणी दुपारच्या भोंग्यापर्यंत चालली
आणि शेवटी एक कप्पा उरला, हरवलं-सापडलं नावाचा.
आत नावं गेलेल्या फाइली, नुसते नंबर,
बसस्टँडच्या खोलीत पडून राहिलेल्या छत्र्यांसारख्या.
मी एकेक उघडत गेले, नावं घालत गेले.
एकीत भरमू मेस्त्रींचा कागद निघाला,
ते रिटायर झाले त्याच्या आदल्या वर्षीचा.
पॅटर्नचं चित्र, कडेला पेन्सिलीनं:
इथं दोन मिली जास्त ठेव,
थंड झालं की आकसतंय. नोडको.
मेस्त्री मराठीत मोजायचे, कानडीत बजावायचे.

एकतीस टक्के.
मालकांचा फोन. मी उचलते आणि
तपासणी चालू आहे म्हणते.
पलीकडं थोडा वेळ काहीच नाही.
मग, "बरं."

खिडकीबाहेर सिद्राय काका
प्रत्येक नगावर छोटी हातोडी मारतात
आणि कान लावतात.
बरा नग लांबपर्यंत वाजत राहतो,
चीर असली तर नुसतं ठक्क.
चाळीस वर्षं झाली.
त्यांना कुणी म्हणालं नाही, घाई करा.
एकदा एका पोरानं विचारलं होतं,
सगळेच का ठोकता, दहातला एक ठोकायचा.
काका म्हणाले, मग त्या दहातला कुठला, तू सांग.

अठ्ठावन्न.
मध्येच एक ओळ थबकते:
हे पान दोघंजण आपलं म्हणतायत.
आणि स्वतःच निवाडा करून पुढं सरकते.
आपल्याकडं अशा पानांना
पिढ्या लागतात, असं मनात येतं,
पण लगमाण्णाला बोलत नाही. त्याची गाडी लागलीय.

तो आता पायरीवर बसलाय.
दुसरं काही करायला नाही म्हणून
थुंकी लावून चलनाची पानं उलटतोय,
ओठ हलतायत.
ब्याऐंशी टक्के.
ठण्, बाहेर. ठण्.

"बाई,"
तो उठून उभा राहतो,
"दोनशे अठरा नाही यात.
सतरानंतर एकदम एकोणीस."

गाडीचं इंजिन चालूच आहे.
"बंद कर म्हणावं," मी म्हणते.